दुसऱ्याच्या हातचा घास

गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन करावंच लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मला माझ्या पोटाची भीती वाटली नाही. त्यांच्यासमोर बसल्याबसल्या मी मनात गौरीच्या जेवणाच्या वेळा आठवू लागले. सकाळची खीर, दुपारचा मऊ वरणभात, ऊन उतरल्यावर कुस्करलेलं केळं, दिवेलागणीची पेज. हे सगळं कोण भरवणार? डॉक्टरीणबाई सांगत होत्या की अंगात रक्त फार कमी झालंय, आता फार दिवस थांबता येणार नाही, आणि ऑपरेशननंतर काही महिने वजन उचलायचं नाही. मी मान डोलवत होते. त्यातलं 'वजन उचलायचं नाही' एवढंच माझ्या कानात राहिलं. माझ्या घरात उचलायचं वजन एकच होतं, आणि ते माझ्या मुलीचं होतं.

गौरी आठ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा ती लगेच रडली नाही. तेवढ्या उशिरात तिच्या मेंदूला इजा झाली, असं पुढे कळलं. ती बसत नाही, बोलत नाही, मान धरते पण फार वेळ नाही. मधूनमधून तिला फीट येते. बाबांच्या मोटारसायकलचा आवाज ओळखून ती हसते, आणि पोट भरत आलं की घशातून एक बारीक, लांबलेला आवाज काढते, तो आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गिळणं हे तिच्यासाठी डोंगर चढण्यासारखं आहे. घास वाट चुकला की ठसका लागतो, ओठ निळे पडतात. लहान असताना असाच एक घास छातीत उतरला आणि न्यूमोनिया झाला. त्या दुखण्यातून ती कशीबशी वाचली. तेव्हापासून तिला माझ्याशिवाय कुणी भरवलं नव्हतं. मी कुणाला देत नव्हते, आणि खरं सांगायचं तर कुणी मागतही नव्हतं. गौरीच्या बाबांचं कामरगावात जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. सासूबाई घरातच असतात. दोघांचा तिच्यावर जीव. पण चमच्याचं नाव निघालं की दोघंही मागे सरत.

अशा लेकराच्या घरात एक प्रश्न असतो आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही. माझ्यामागे हिचं काय? मी दर गुरुवारी जीपने कारंज्याला गुरुमहाराजांच्या दर्शनाला जायची, गौरीला मांडीवर घेऊन. पहिली काही वर्षं मी मागायची की हिला बरी कर. मग ते मागणं आपोआप गळून पडलं आणि दुसरं सुरू झालं. माझ्याआधी हिला ने. असं मागणारी आई असू शकते हे ज्यांना पटत नाही, त्यांनी ते मानू नये. पण अशा लेकरांच्या आयांना मी काय म्हणते ते कळेल.

ऑपरेशनचं कळल्यावर जो पहिला गुरुवार आला, त्या दिवशी मी देवळात बराच वेळ बसले. नेहमी पादुकांपुढे बसलं की आतलं पाणी थोडं स्थिर होतं. त्या दिवशी झालं नाही. महाराजांना विचारायचं होतं की आता मी काय करू, पण विचारताना शब्दच येईनात.  मी इतकी वर्षं येते, आणि माझं ऐकणारं इथे कुणी आहे का, अशी शंका मनात आली. ती आली म्हणून आणखी भीती वाटली. तशीच उठले आणि एसटी स्टँडवर आले.

स्टँडवरच्या बाकावर गौरीला फीट आली. याआधी घराबाहेर कधी आली नव्हती. तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. भोवती माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "चप्पल हुंगवा तिले." कुणी कांदा आणायला पळालं. एकाने तिचे पाय दाबून धरले. मी तिच्या दातांमध्ये बोट घालायला निघाले होते, तेवढ्यात मागून एका बाईचा हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"तोंडात काही घालू नोका. हुंगवूबी नोका. भाऊ, तुमी पाय सोडा तिचे. कुशीवर घ्या पोट्टीले, अशी."

पन्नाशीची बाई, खांद्याला कापडी पिशवी. तिने आपली पिशवी गौरीच्या डोक्याखाली सरकवली, गळ्याजवळचं बटण सैल केलं आणि स्टँडच्या घड्याळाकडे पाहत शांत बसली. "थांबन ते. लांबलं तं रिक्षा करून दवाखान्यात नेऊ. मी हाव इथंच," ती म्हणाली. फीट थांबली. बाईने पदराने गौरीच्या तोंडाची लाळ पुसली, जशी रोज पुसत असावी तशी. म्हणाली, "माहा बी असाच होता." माझं डोकं गरगरत होतं. मी ते 'आहे' असं ऐकलं.

लोक पांगल्यावर मला हुंदका फुटला आणि त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं, माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं ते. तिने ऐकून घेतलं. देव करेल ते बरंच करेल, असं ती म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "तुमच्याबगर हिले कोण खाऊ घालते?"

"कोणी नाही."

"मंग तुमाले ऑपरेशनचं भेव नाही. याचं भेव आहे."

तिचं नाव सुशीलाताई. तिनेच मला सांगितलं की वाशीमला सरकारी दवाखान्याच्या आवारात अशा लेकरांसाठी एक केंद्र आहे, तिथे व्यायाम शिकवतात, भरवायला शिकवतात, मंगळवारी आया जमतात आणि ती स्वतःही तिथे आयांना मदत करते. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी हे केंद्र मला पूर्वीही सांगितलं होतं. पण मोठमोठ्या डॉक्टरांनी 'ही अशीच राहणार' म्हटल्यावर पुन्हा तेच ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं वाटून मी गेले नव्हते. "या मंगळवारी," सुशीलाताई म्हणाली, "मी भेटीन." आणि तिची बस लागली.

महाराज कोणत्याही रूपात येतात, असं आमच्याकडे म्हणतात. मी त्यावर काही बोलणार नाही. सुशीलाताई बौद्ध घरातली आहे, त्या देवळाची पायरी तिने कधी चढलेली नाही. भाचीचं बाळ पाहायला ती कारंज्याला आली होती आणि तिची बस उशिरा सुटणार होती. "बस लेट होती म्हून भेट झाली, दुसरं काही नाही," असं ती आजही म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही आणि ती माझ्याशी घालत नाही.

मंगळवारी गौरीच्या बाबांनी आम्हाला मोटारसायकलवर वाशीमला नेलं. तिथल्या खोलीत जमिनीवर चटया होत्या, भिंतीला मोठा आरसा होता आणि सातआठ लेकरं होती. हिला काय झालं, असं तिथे मला कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी तिचं नाव विचारलं. थेरपीच्या मॅडमनी गौरीला पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या लाकडी खुर्चीत पट्ट्याने नीट बसवलं, हनुवटी किंचित खाली आणली आणि वरणभात जरा घट्ट करून छोट्या, चपट्या चमच्याने द्यायला लावला. जेवल्यावर तिला लगेच आडवी करायची नाही, हेही सांगितलं. मी इतकी वर्षं तिची मान मागे टाकून पातळ पेज देत होते. तसंच सोपं जातं असं मला वाटे. त्या दिवशी एका जेवणात तिला एकदाच ठसका लागला. मला रडू आलं, पण ते सुखाचं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता चमचा बाबांकडे द्या."

माझी मूठ उघडेना. गौरीचे बाबा समोर येऊन बसले. केसासारखी बारीक तांब्याची तार बिनचूक गुंडाळणारे ते हात चमचा धरून थरथरत होते. पहिला घास गेला. दुसऱ्याला गौरीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला जोरात ठसका लागला. मी चमचा हिसकावून घेतला. ते उठून बाहेर गेले आणि मोटारसायकलपाशी पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, झालं. हे होणार नाही.

सुशीलाताई मला बाहेर चहाला घेऊन गेली. मी तिला विचारलं, तुमचा मुलगा आज आला नाही का. 

"प्रशांतले जाऊन चार वर्सं झाले. त्या दिशी मी 'होता' म्हणलं होतं. तुमी घाबरेल होत्या, तुमाले आयकू नाही आलं."

कसा, तेही तिने सांगितलं. त्याच वाटेने गेला होता तो. घास छातीत उतरला होता. या बाईचं लेकरू हातचं गेलं, आणि मी माझं तिच्या भरवशावर द्यायला निघाले, असा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. तो बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा.

"माह्याच हातचं खाये तो," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही. मले ताप होता, उठता येत नोतं, तरी मीच उठून भरोवलं. हात कापे माहा. त्याले बराबर बसोवाचीबी ताकद नोती अंगात. तवा घरात दुसरा एखांदा हात तयार असता..."

 कप खाली ठेवून ती आत गेली. मी तिथेच उभी राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की माझे हात हेच गौरीचं रक्षण आहे. त्या दुपारी पहिल्यांदा मला माझ्याच हातांची भीती वाटली.

गौरीच्या बाबांनी तशीच लाकडी खुर्ची घरी करून घेतली, आणि त्यानंतर सुशीलाताई आमच्या घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिला ओसरीत बसायला सांगितलं. आत ये म्हणाल्या नाहीत. आमच्या गावात याचं कारण कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना कळतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुशीलाताईने विचारलं, "पोट्टी कुठी जेवते?" मी म्हटलं, आत. "मंग आतच जा लागन," असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून बसली. सासूबाईंनी चहाही विचारला नाही. मीच केला. मला वाटलं, ती पुन्हा येणार नाही. ती पुढच्या आठवड्यात आली.

ती स्वतः गौरीला एकही घास भरवत नसे. "मी घातलं तं मी गेल्यावर काय?" असं म्हणे. गौरीच्या बाबांच्या मागे बसून ती त्यांना सांगे, "घाई कायले करता भाऊ? तिनं गिटलं का नाही ते गळ्याकडं पाहा. मंग दुसरा." हळूहळू त्यांचा हात स्थिर झाला. गौरी त्यांच्या हातून खाऊ लागली, पण मी समोर दिसत असले तरच. मी दाराआड गेले की तिचे ओठ मिटत. आणि ऑपरेशनचा दिवस तर जवळ येत होता.

अकोल्याच्या दवाखान्यात भरती व्हायला निघाले, तेव्हा सुशीलाताई पिशवी घेऊन राहायलाच आली. मी गौरीचा पापा घेतला आणि मागे न पाहता रिक्षात बसले. सोबत माझा भाऊ होता. सगळ्या वाटेभर मला एकच दिसत होतं, मिटलेले ओठ.

पहिल्या दिवशी गौरीने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी. संध्याकाळी सुशीलाताईचा फोन आला. "तुमच्यापासून लपवत नाही. पोट्टी तोंड उघडून नाही राह्यली. लघवी कमी झाली. सकायपर्यंत नाही घेतलं तं कारंज्याले नेऊन सलाईन लावू. डॉक्टरसंग बोलणं झालं. तुमी इकडे याचं नाव काढू नोका."

मी भावाला म्हटलं, मला घरी ने. त्याने नर्सताईंना बोलावलं. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून भावाला दाखवलं की आत रक्ताचा थेंब नाही. अशीच घरी गेलात तर लेकराला कोण उचलेल, असं त्या म्हणाल्या.  रात्र कशी गेली ते मी सांगू शकत नाही. सकाळी फोन आला की गौरीला कारंज्याला नेलं आहे. त्यानंतर थोड्याच वेळात मला आत नेण्यासाठी स्ट्रेचर आलं.

त्या स्ट्रेचरवर माझा हात सुईसाठी पट्टीला बांधलेला होता. वर दिवे सरकत होते. इतक्या गुरुवारी जे जे मागितलं, त्यातलं काहीच मला त्या वेळी आठवलं नाही. हिला ने, असंही म्हणाले नाही. हिला ठेव, असंही म्हणता आलं नाही. एवढंच म्हणाले, महाराज, माझे हात आता बांधलेले आहेत. तुमचे जिथे असतील तिथून काढा. हे म्हटल्यावर शांत वाटलं असं नाही. भीती होती तशीच होती. फक्त ती भीती धरून ठेवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन वाजला. घरचा नंबर पाहून त्याने तो माझ्यापुढे धरला. मी मान फिरवली. मला ऐकायचं नव्हतं. त्याने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. भांड्यावर चमचा लागल्याचा आवाज आला. मग तो घशातला बारीक, लांबलेला आवाज, पोट भरत आल्यावरचा.

"आयकलं काय?" गौरीचे बाबा म्हणाले.  "खाऊन राह्यली."

"तुमी भरवता?"

"मी नाही. माय भरवून राह्यली."

मागाहून मला कळलं ते असं. सलाईन लावून गौरीला घरी आणलं, तरी तिने बाबांचा चमचा घेतला नाही. ते हरून उठून गेले. सासूबाई दारात बसून तूर निवडत होत्या, आणि धास्तीने हलक्या आवाजात आरती म्हणत होत्या. सुशीलाताईने पाहिलं की गौरी मान वळवून त्या आवाजाकडे बघते आहे. ती म्हणाली, "आजीबाई, तुमी या इकडे." सासूबाई म्हणाल्या, "माह्यानं नाही होत व बाई. काही झालं तं?" सुशीलाताई उठली, त्यांना हाताला धरून आणलं, खुर्चीसमोर बसवलं आणि त्यांच्या मनगटाखाली आपला हात ठेवला. "तुमी म्हणणं बंद नोका करू. हात मी धरतो." दोघींच्या हातांवर तो पहिला चमचा गेला. गौरीने तोंड उघडलं. काही घासांनंतर सुशीलाताईने आपला हात हळूच काढून घेतला, ते सासूबाईंच्या लक्षातही आलं नाही.

तो गुरुवार होता. त्याचा अर्थ मी लावत नाही. होता, एवढंच सांगते.

मी घरी आले तेव्हा सुशीलाताई परत जायला निघाली होती. सासूबाईंनी तिला थांबवलं, चुलीपाशी पाट दिला आणि आपल्या शेजारी जेवायला बसवलं.  दोघी जेवल्या. निघताना सासूबाईंनी विचारलं, "आता कवा येशीन?" ती म्हणाली, "तुमी वाशीमले या ना मंगळवारी." आणि तेव्हापासून सासूबाई जातात. नव्या आया आल्या की त्यांच्यासोबत आलेल्या आज्यांशी त्या बोलतात. काय बोलतात ते मला सांगत नाहीत.

गौरी बरी झालेली नाही. होणारही नाही. थंडीत तिला पुन्हा फीट आली, आणि एकदा असा ठसका लागला की माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. पण त्या वेळी तिला पुढे वाकवून सांभाळणारे हात माझे नव्हते, तिच्या बाबांचे होते. मला अजून वजन उचलायची परवानगी नाही. मी नुसती उभी होते. माझ्यामागे हिचं काय, हा प्रश्न आजही रोज येतो. मला भीती वाटते, आणि वाटत राहील. मी एवढंच शिकले की देवाच्या हवाली करणं हे डोळे मिटून, हात जोडून होत नाही. हातातला चमचा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, डोळे उघडे ठेवून, थरथरत का होईना. ते मला स्वतःहून जमलं नाही. माझ्याकडून ते करवून घेतलं गेलं. ज्यांनी करवून घेतलं त्यांच्या चरणी माझं मस्तक आहे, मग त्यांचं नाव मी एक घेते आणि सुशीलाताई दुसरं घेत असेल.

परवा दुपारी गौरी खुर्चीत बसली होती आणि सासूबाई तिला भरवत होत्या. गौरीच्या बाबांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तिच्यातून वाफ निघत होती. गौरी झाल्यापासून माझं जेवण नेहमी तिच्या मागून, गार झालेलं. मी घास मोडला, सवयीने त्यावर फुंकर घातली आणि हात गौरीकडे नेला. सासूबाईंनी तो अर्ध्यात थांबवला.

"तू खाय व," त्या म्हणाल्या. "तिचं मी पायतो."

मी तो घास खाल्ला. जीभ भाजली.